सातारा-सांगलीत वन्यजीवांवर कलाप्रदर्शन भरवायचं असेल तर

पहिली गोष्ट म्हणजे वाघाचा नुसता चेहरा काढू नका. वाघावर राग नाही, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आपल्याच डोंगरात आहे, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झाला, तो आपलाच आहे. पण "वन्यजीव" एवढाच विषय दिला की वाघाच्या चेहऱ्यांचा ढीग जमतो, खाली "वाघ वाचवा" लिहिलेलं असतं, लोक येतात, छान काढलंय म्हणतात, मोबाईलवर फोटो घेतात आणि खाली चहा प्यायला जातात. तो जीव राहतो कुठं, खातो काय, कशामुळं अडचणीत आलाय, यातलं काहीच त्यांच्यासोबत घरी जात नाही. मग एवढा हॉल घेऊन, एवढी धावपळ करून उपयोग काय झाला?

आम्ही साताऱ्यात काही जण मिळून असं प्रदर्शन करतो, ड्रॉइंगचे शिक्षक आहेत, फोटोग्राफर आहेत, बॉटनी शिकवणारी एक मैत्रीण आहे, आणि बरेच जण विचारतात की आमच्या गावात, आमच्या शाळेत करायचं तर कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आमचा नियम एकच आहे आणि तो सगळ्यांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायचा. एका कलाकृतीत एक जीव, तो जगण्यासाठी करतो ती एक युक्ती, आणि त्या युक्तीच्या आड आज काय आलंय. तीन गोष्टी, बास. चित्र असो, मातीकाम असो, कापडाचं काही असो, या तीन गोष्टी बघणाऱ्याला कळल्या पाहिजेत. ज्या कामात त्या नाहीत ते कितीही सुंदर असलं तरी दुसऱ्या प्रदर्शनासाठी ठेवा. हे सांगताना कलाकार नाराज होतात, होऊ देत.

जीव कोणते घ्यायचे

सहा-सात पुरे. आणि शक्यतो सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येईल एवढ्या अंतरावरचे. पोलर बेअर, पेंग्विन टीव्हीवर रोज दिसतात, पण चाळकेवाडीच्या सरड्याबद्दल साताऱ्यातल्याच माणसाला माहीत नसतं. आणि इथंच सगळ्यात भारी मटेरियल पडलंय म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं, सगळ्यांनी तिथं फोटो काढलेत. त्या पठारावर एक फॅन थ्रोटेड सरडा राहतो, सारडा सुपर्बा नावाचा, वेगळी जात म्हणून त्याचं वर्णन २०१६ मध्ये झालं आणि ते याच पठारावरच्या सरड्यावरून. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा, काळा आणि केशरी, एवढ्याशा मातकट अंगाला एवढा रंग कुठून आला असं वाटतं. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला धमकवायला तो हे करतो. पण रंग दाखवला की वरून शिकारी पक्ष्यालाही दिसतो, म्हणजे लग्नाची वरात आणि जिवाची भीती एकाच वेळी. ही झाली त्याची युक्ती.

आता आड काय आलं ते बघा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पठारावर अभ्यास केला, २०१८ मध्ये तो छापून आला. पवनचक्क्या जिथं फिरतात त्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आढळले. खाणारा कमी झाला म्हणून तिथं सरडे वाढले. त्यांची भीती कमी झाली, माणूस बराच जवळ गेला तरी पळेनात, अंगातलं ताणाचं हार्मोनसुद्धा कमी भरलं. ऐकायला चांगलं वाटतं ना? पण सरडे वाढले म्हणजे खाण्यात वाटेकरी वाढले, ते अंगानं बारीक राहिले आणि गळ्याचा रंग फिका पडला. पवनचक्कीनं सरड्याला हात लावला नाही, तिनं फक्त आभाळातला पक्षी हटवला आणि खाली जमिनीवरच्या सरड्याचा रंग बदलला. याच्यापेक्षा चांगला चित्राचा विषय मला तरी माहीत नाही.

हे कसं मांडायचं? आम्ही एकाच टेबलाचे दोन भाग करतो. दोन्हीकडं खरखरीत पुठ्ठ्यावर वाळू आणि डिंक लावून पठार केलेलं. एका बाजूला थोडेच सरडे, पंखे भडक रंगवलेले, आणि वर छताला दोऱ्यानं टांगलेला काळ्या पुठ्ठ्याचा शिकारी पक्षी, त्याच्यावर एक लाइट असा मारायचा की त्याची सावली बरोबर सरड्यांवर पडेल आणि फॅनच्या वाऱ्यानं हलेल. दुसऱ्या बाजूला पक्षी नाही, सावली नाही, पवनचक्कीचं छोटं मॉडेल, सरडे दाटीवाटीनं, आणि पंखे त्याच रंगात पाणी वाढवून फिके केलेले. पोरं दोन्हीकडं बघतात आणि सावली कुठंय ते शोधायला लागतात, मग आपणच विचारायचं, या बाजूला सरडे जास्त का? उत्तर आपण द्यायचं नाही. सरड्याच्या गळ्याचा पंखा कार्डशीटचा करून मागून पट्टी ओढली की उघडतो असा केला तर मुलं तिथनं हलतच नाहीत, म्हणून पट्टीला डबल सेलोटेप मारा आणि दोन-तीन जास्तीचे करून ठेवा.

एक मात्र सांभाळा. पवनचक्कीला खलनायक करू नका. कोळसा न जाळता वीज मिळते हेही खरंच आहे आणि पठारावरच्या गावातल्या माणसांचा रोजगार त्यात आहे. मोकळं पठार म्हणजे पडीक जागा नव्हे, तिथं काही उभं करायच्या आधी काय राहतं ते बघा, एवढंच म्हणणं पोचलं पाहिजे.

कासची फुलं, पण वेगळ्या पद्धतीनं

कासवर चित्र म्हटलं की जांभळा गालिचा. तो काढू नका असं नाही, पण त्याच्या आत शिरा. कासच्या जांभ्या दगडावर माती बोटभर, पावसाळाभर पाणी तुंबतं आणि नंतर सगळं कोरडंठाक. मातीत नायट्रोजन फार कमी. मग झाडं काय करतात, तर काही जण किडे खातात. सीतेची आसवे, एवढं नाजूक निळं-जांभळं फूल, त्याच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदू नावाचं झाड आहे, पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, किडा बसला की अडकला. हे थेंब दाखवायला हॉट ग्लू गन घ्या, लाल रंगवलेल्या तारेच्या टोकाला एकेक थेंब सोडा, लाइटखाली हुबेहूब चमकतो. वायतुरा घ्या, पाणथळ जागेतला, त्याच्या शास्त्रीय नावात साताराच आहे आणि तो फक्त आपल्याच भागातल्या सह्याद्रीच्या पठारांवर वाढतो. कारवी घ्या, सात-सात वर्षं गप्प राहते आणि मग सगळी एकदम फुलते, एवढं बी एका वेळी पडतं की खाणाऱ्यांना ते संपवताच येत नाही, असं अभ्यासक मानतात.

पण माझं सगळ्यात लाडकं म्हणजे कंदीलपुष्प. फुलाची नळी असते, आत केस, सगळे खाली वळलेले. वासानं बारीक माशी आत जाते, केस खाली वळलेले असल्यामुळं वर येता येत नाही. ती आत फिरते, परागाची पिशवी तिला चिकटते. मग काही वेळानं केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी बाहेर पडून पुढच्या फुलात जाते. कैद करून सोडून देतं, मारत नाही. कंद खायला चांगला असतो म्हणून खणून नेला जातो, पठारं खाणींना आणि बांधकामाला जातात, त्यात ही झाडं कमी होत गेली. शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव यांनी या झाडांवर मोठं काम केलंय, कोल्हापूरला जाणं होत असेल तर विद्यापीठातली बाग दाखवायची परवानगी मागून सगळ्या टीमला घेऊन जा, चित्र काढायला खरी वेल समोर लागते.

याचं आम्ही माणूस आत जाईल एवढं फूल करतो. बांबूच्या कामट्यांची गोल रिंग, तीन-चार ठिकाणी, त्याच्यावर जुन्या सुती साड्या, आतून सुतळीचे तुकडे खालच्या दिशेनं शिवलेले. मुलगा वाकून आत जातो, सुतळ्या अंगाला लागतात, बाहेर येताना उलट्या टोचतात, आणि पाठीवर पिवळ्या लोकरीचा गोळा वेल्क्रोनं चिकटवला की तो माशी झाला. कामट्यांची टोकं कापडानं गुंडाळा, डोळ्याच्या उंचीला असतात. आणि फूल भिंतीला किंवा खांबाला बांधा, शनिवार-रविवारी पोरं ढकलाढकली करतात.

कासवर स्केचिंगला न्यायचं तर सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग लागतं, आधी बघून घ्या. पायवाटेवरच बसायचं. एकही फूल तोडायचं नाही, "एकच नमुना" म्हणूनसुद्धा नाही, आणि दुर्मिळ फुलाचा फोटो लावलात तर नेमकी जागा लेबलवर लिहायची नाही. "कास परिसर" एवढं पुरे. घरट्यांचे जवळून काढलेले फोटो तर घेऊच नका, फोटोसाठी माणूस घरट्याजवळ गेला की पक्षी अंडी सोडून जाऊ शकतो.

सांगलीकडचे जीव

कृष्णेतली मगर सांगलीत सगळ्यांना माहीत आहे, भिलवडी, औदुंबर, पलूस भागात नदीवर कपडे धुणारी बाई आणि मोटर बघायला गेलेला शेतकरी दोघंही तिच्याशी रोज हिशेब ठेवून असतात. तिथं जाऊन "मगर वाचवा" असं पोस्टर लावणं म्हणजे त्यांच्या भीतीचा अपमान आहे. त्यांना ती माहिती द्या जी कामाची आहे. मगर काठाच्या मातीत बीळ करते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, आणि अंडं किती तापमानात उबलं यावर आतलं पिल्लू नर की मादी ते ठरतं. म्हणजे वाळू उपसली की घर गेलं, काठ तुटला की बीळ गेलं, मग ती सरकून माणसांच्या घाटाजवळ येणारच. सांगलीत रांगोळीवाले कलाकार जबरदस्त आहेत, त्यांना सांगा, खऱ्या मापाची मगर जमिनीवर काढा. मोठी मगर तीन-चार मीटर होते. भिंतीवरच्या चित्रात ते माप कळत नाही, पायाशी पसरलेली मगर बघितली की माणूस आपोआप दोन पावलं मागं होतो आणि मग वाचतो. रांगोळी फरशीवर घसरते म्हणून बाजूनं चालायला रुंद वाट ठेवा आणि वरचा फॅन बंद.

बिबट्याचंही तसंच. कराड, वाळवा, शिराळा भागात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याची बातमी येते. उसात सावली, पाणी, आडोसा, जवळ कुत्री-डुकरं, बिबट्यानं उसालाच जंगल मानलं. बदलत्या परिस्थितीत जगायला शिकणं म्हणजे काय याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या शेतात आहे. पिल्लं सापडली की वनखात्याला कळवायचं, ते लोक पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बऱ्याचदा रात्री आई येऊन घेऊन जाते, हे शेतकऱ्यांना आणि तोडकऱ्यांना सांगणारं चित्र करा. क्रम लावून, चार-पाच चित्रांत, कमी शब्दांत. चित्रांच्या आधी उसाची बोळ करा, खऱ्या वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याची. तोडलेला ऊस ठेवू नका, मुंग्या येतात. पाचट लगेच पेटतं, हॅलोजनपासून लांब ठेवा, बाजूला आग विझवायचा सिलिंडर हवाच, आणि वाढे सुकले की बदलायला रोज कोणीतरी ठरवलेलं पाहिजे.

सागरेश्वर विसरू नका. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि लोकांनी मिळून झाडं उभी केली, तिथं चितळ, सांबर, काळवीट आणले आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. सगळं प्रदर्शन नुसतं "संपत चाललंय" सांगणारं झालं तर बघणारा हात टेकतो, म्हणून एक भिंत तरी जे जमलं त्याची ठेवा. पण त्यातही खरं सांगा, हरणं कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात ही आजूबाजूच्या गावांची तक्रारसुद्धा त्याच भिंतीवर आली पाहिजे.

गिधाडांची भिंत

ही आमच्या प्रदर्शनातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळ लोकांना थांबवणारी गोष्ट. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड, म्हणजे पाठीचा मागचा भाग पांढरा असलेलं, पूर्वी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर थवेच्या थवे दिसायचे ते. कुजलेलं मांस पचवेल असं पोट, आत डोकं घालता यावं म्हणून मानेवर पिसं नाहीत, एवढी तयारी असलेला पक्षी एका वेदनाशामक औषधानं गेला. डायक्लोफिनॅक, गाई-म्हशींना दुखण्यावर द्यायचे, ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी निकामी. कारण कळलं २००४ मध्ये, जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये, पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत देशातल्या पाहणीत या जातीची घट ९९.९ टक्के निघाली.

टक्के कोणाला दिसत नाहीत. म्हणून काळ्या कागदाची १००० गिधाडं कापा, चार-पाच शाळांत वाटून दिली की सहज होतात, आणि एका मोठ्या पांढऱ्या भिंतीवर ब्लू टॅकनं, म्हणजे परत काढता येणाऱ्या चिकट पुट्टीनं, लावा. उद्घाटनाला भिंत पूर्ण काळी. मग रोज थोडी थोडी काढत जा, प्रत्येक दिवशी भिंतीच्या कोपऱ्यात साल लिहा, शेवटच्या दिवशी एकच राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी आलेला माणूस शेवटच्या दिवशी परत येतो, आम्ही बघितलंय. काढलेली गिधाडं फेकू नका, खाली जमिनीवर तशीच पडू द्या.

आणि तिथंच एक लेबल पशुपालकांसाठी: जनावराला दुखण्यावर औषध देताना डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम आहे का विचारा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांनाही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली आहे. आपल्याकडं घरोघरी जनावरं आहेत, प्रदर्शनातून घरी नेऊन खरंच वापरता येईल अशी ही माहिती आहे, म्हणून हे लेबल सगळ्यात मोठं करा.

काय अजिबात आणायचं नाही

लोक प्रेमानं विचारतात, आमच्या वाड्यात आजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगं आहेत, आणू का? नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिंगं, कातडी, नखं, दात, कासवाची पाठ, साळिंदराचे काटे, अंडी, घरटी, काहीही नको. आधी एकदा वनखात्याच्या ऑफिसमध्ये जाऊन काय काय मांडणार ते सांगून या, बहुतेक वेळा त्यांच्याकडनं मदतच मिळते, कॅमेरा ट्रॅपचे फोटोही मिळू शकतात. जिवंत प्राणी तर नाहीच. सर्पमित्राला बोलवा, बोलू द्या, साप नको.

सापाचा विषय निघालाच म्हणून, बत्तीस शिराळ्यावर, नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावावर, काही करणार असाल तर आधी शिराळ्याला जा, तिथल्या माणसांशी बोला. जिवंत नागांच्या खेळांवर आणि मिरवणुकीवर न्यायालयानं बंदी आणली, कायदा बरोबर आहे असं माझं मत आहे, पण त्या गावाची नागावरची माया खोटी नाही. दोन्ही एका चित्रात मांडता येत असेल तर मांडा, नाहीतर सोडून द्या.

हॉल, भिंत, लाइट

तारीख ठरवताना बरेच जण वन्यजीव सप्ताह धरतात, १ ते ७ ऑक्टोबर. कासचा बहर तेव्हा असतो, पण शाळांच्या सहामाही परीक्षा जवळ येतात आणि पाऊस गेलेला नसतो. ३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन, तेव्हा दहावी-बारावीची गडबड. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ते सलीम अली यांचा जन्मदिवस, ही तारीख छान आहे पण दिवाळी कुठं येते ते कॅलेंडरवर बघा. आमच्या मते दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा आठवडा बेस्ट, शाळा उघडलेल्या, हवा कोरडी, ऊसतोड सुरू म्हणून वाढेही ताजे मिळतात. डिसेंबर उजाडला की स्नेहसंमेलनांमुळं हॉल मिळत नाही. पावसाळ्यात कराल तर सांगलीत नदीजवळचा तळमजला घेऊ नका, २०१९ चा महापूर आठवा.

एसी गॅलरीच हवी असं काही नाही. वाचनालयाचा हॉल, शाळेचा मोठा वर्ग, मंगल कार्यालय ऑफ सीझनला, काहीही चालतं. भिंतीला खिळे ठोकू देतात का ते पहिल्याच दिवशी विचारा, नसतील देत तर मंडपवाल्याकडनं पाईपचे स्टँड आणि पांढरं कापड घ्या. डबल टेपवर भरवसा ठेवू नका, ओल धरली की रात्रीत सगळं खाली. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवला की मोठ्यांना बरोबर पडतो, पण निम्मे बघणारे शाळेचे असतील तर एक पूर्ण भिंत १२० सेंटीमीटरवर लावा, मोठी माणसं वाकतील. लाइट समोरून मारला की काचेवर चमकतो, वरून तिरका मारा. वॉटर कलर खिडकीच्या उन्हात नको. हळदीचा रंग वापरणार असाल, सांगलीत हळद म्हटली की सगळे वापरणारच, तर लक्षात ठेवा की हळद उन्हात लवकर उडते, ती चित्रं आतल्या अंधाऱ्या बाजूला.

फ्लेक्स टाळा. निसर्गावरचं प्रदर्शन आणि शेवटी ट्रकभर प्लास्टिक, हे बरं नाही. कापडावर ब्रशनं लिहून घ्या, जुने पेंटर अजून आहेत गावोगावी आणि त्यांना कामं हवीच आहेत. जमलं तर सगळ्या कलाकारांना एकदा औंधच्या म्युझियममध्ये न्या, औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी एवढ्या छोट्या गावात केवढा संग्रह उभा केलाय ते बघितलं की "आपल्याकडं कोण बघायला येणार" हा प्रश्न पडत नाही.

लेबल

याच्यावर चित्राइतकाच वेळ द्या, खरंच. "निसर्गाचा समतोल बिघडत चालला आहे, आपण सर्वांनी मिळून पर्यावरणाचे रक्षण केले पाहिजे" असं लेबल कुणी वाचत नाही. सरड्याचं आमचं लेबल असं आहे: "उन्हाळ्यात नर सरडा गळ्याचा पंखा उघडून मादीला बोलावतो. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी येतात, म्हणून सरडे वाढतात. खाणारी तोंडं वाढली की पंख्याचा रंग फिका पडतो. ठिकाण: चाळकेवाडी." बस एवढंच. तीन छोटी वाक्यं आणि ठिकाण, अक्षर हातभर लांबून वाचता येईल असं मोठं. लिहून झालं की हॉलच्या वॉचमनला किंवा घरातल्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांनी मध्येच "म्हणजे काय?" विचारलं तर ते वाक्य परत लिहा. आणि प्रत्येक लेबल छापायच्या आधी बॉटनी-झूऑलॉजीच्या शिक्षकाकडून तपासून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली माहिती एकही नको.

माहिती सांगायला आठवी-नववीची मुलं उभी करा. एका मुलाला एकच जीव. पाठांतर नको, त्याला त्या कलाकृतीच्या कामात आधीपासून घ्या म्हणजे तो आपोआप बोलतो.

शेवटची भिंत कोरी ठेवा

बाहेर पडायच्या दाराशी एक कोरी भिंत, एक टेबल, पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं आणि पेन. वर एकच प्रश्न: तुमच्या शिवारात पूर्वी दिसायचा आणि आता दिसत नाही असा जीव कोणता? माण-खटावकडची माणसं लांडग्याबद्दल लिहितात, म्हातारी माणसं गिधाडाबद्दल, कुणी ओढ्यातल्या माशाचं गावठी नाव लिहितं जे आपण कधी ऐकलेलं नसतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मुलांनी ऐकून लिहायचं, त्यांच्याच शब्दांत, सुधारायचं नाही.

पण कार्डावर चार गोष्टी आल्याच पाहिजेत, गावाचं नाव, जीवाचं तिथलं नाव, कुठं दिसायचा (ओढा, माळ, बांध, विहीर), आणि शेवटचा साधारण कधी बघितला. साल आठवत नसेल तर "७२ च्या दुष्काळाच्या आधी", "धरण झालं तेव्हा", असं काहीही चालेल. कारण ही कार्डं प्रदर्शन संपल्यावर रद्दीत जायची नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावानुसार गठ्ठे करा, झेरॉक्स काढून एक संच स्वतःकडं ठेवा, आणि मूळ गठ्ठा एका पत्रासोबत त्या त्या ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या, पत्राच्या कॉपीवर पोच घ्या. पत्रात एवढंच लिहा की या नोंदी आमच्या गावच्या लोकांनी सांगितल्या आहेत, नोंदवहीत तपासून घ्याव्यात. महिन्याभरानं परत जाऊन विचारा, नाही झालं तर ग्रामसभेत विषय मांडा.